रोम किती दूर?

पृथ्वीचा गोल पुढ्यात घ्यावा, दोऱ्याचे एक टोक रोमवर धरावे आणि दुसरे ताणून पुण्यावर टेकवावे. दोरा घट्ट ताणला म्हणजे तो जी वाट धरतो ती या दोन शहरांमधली सर्वांत जवळची वाट. शाळेच्या भिंतीवरच्या सपाट नकाशात पुणे रोमच्या आग्नेयेला, पुष्कळ खाली दिसते. गोलावरचा दोरा मात्र रोममधून जवळजवळ सरळ पूर्वेकडे निघतो. आल्बेनिया, ग्रीसचा उत्तर भाग, तुर्कस्तान, सीरिया, इराक असे प्रदेश ओलांडतो. त्याचा मध्य पश्चिम इराणच्या डोंगराळ मुलखात येतो. पुढे तो मकरानच्या किनाऱ्यावरून समुद्रात उतरतो, सौराष्ट्राला निसटता स्पर्श करून वसईच्या आसपास पुन्हा जमिनीवर चढतो आणि सह्याद्री ओलांडून पुण्यात येतो. ही वाट सुमारे ६,३०० किलोमीटरांची आहे. संत पेत्र रोमला गेले तेव्हाही ती एवढीच होती.

आपले पूर्वज अंतर मोजत ते मजलांनी. अमुक गाव पुण्याहून चार मजलांवर आहे असे म्हटले की त्यात पायांचे बळ, नदीचा उतार, घाटाची चढण आणि पावसाचा महिना हे सारे येई. मैलांच्या आकड्यात यांतले काहीच येत नाही. ख्रिस्तसभेनेही दूरच्या मुलखाचे अंतर असेच अवधीने मोजले. प्रत्येक बिशपने ठरावीक मुदतीने रोमला जाऊन संत पेत्र व संत पौल यांच्या समाधींचे दर्शन घ्यावे व आपल्या धर्मप्रांताचा वृत्तांत पोपना सादर करावा, असा दंडक आहे. १५८५ मध्ये पोप पाचवे सिक्स्टस यांनी या भेटीची मुदत प्रदेशागणिक ठरवून दिली. इटलीतल्या बिशपांना तीन वर्षे, फ्रान्स-जर्मनी-स्पेनसारख्या देशांना चार, युरोपातल्या त्यांहून दूरच्यांना पाच आणि आशिया व अमेरिकेतल्या बिशपांना दहा. थोडक्यात, कायद्याच्या दृष्टीने गोवे रोमपासून दहा वर्षांच्या अंतरावर होते.

या दहा वर्षांत अतिशयोक्ती नव्हती. गोव्याला येणारा ताफा लिस्बनहून निघे तो मार्च-एप्रिलमध्ये, आणि तोही वर्षातून एकदाच. आफ्रिकेला वळसा घालून हिंदी महासागरात शिरेपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वारा सापडला तर सप्टेंबर-ऑक्टोबरात गोवे दिसे. तो चुकला तर पुढचा वारा सुरू होईपर्यंत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मुक्काम ठोकावा लागे. लिस्बन-गोवे हे गोलावरचे सरळ अंतर सुमारे ८,३०० किलोमीटर भरते; जहाजांना त्याच्या दुपटीहून अधिक पाणी कापावे लागे. संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले, त्यांचा वारा चुकला, मोझांबिकमध्ये कित्येक महिने गेले आणि गोव्यात त्यांचे पाऊल पडले ते ६ मे १५४२ रोजी. तेरा महिने!

याच झेवियरांच्या बाबतीत अंतराने जे केले ते चटका लावणारे आहे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या या जिवलग सोबत्याला युरोपात परत येण्याविषयी रोमहून पत्र लिहिले. पत्राची तारीख २८ जून १५५३. झेवियर चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियन बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजीच निवर्तले होते. जवळजवळ सात महिन्यांपूर्वी मृत झालेल्या मित्राला इग्नेशियस बोलावत होते, आणि तसे करताना त्यांची काहीही चूक नव्हती. त्या काळी पत्र म्हणजे अंदाजाने सोडलेला बाण. येशूसंघीय एकाच पत्राच्या दोन-तीन नकला करून त्या वेगवेगळ्या जहाजांनी धाडीत, कारण त्यांतले एखादे जहाज बुडणार हे गृहीतच धरलेले असे.

मराठी वाचकाला ज्या प्रवाशाविषयी सर्वांत आपुलकी वाटावी त्याची हकीकत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्याचे. १५७५ मध्ये ते रोममध्ये येशूसंघात दाखल झाले आणि ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले. ताफ्यात पाच जहाजे होती. गोव्याला पोचल्यावर १० नोव्हेंबर १५७९ रोजी त्यांनी लंडनला आपल्या वडिलांना जे पत्र लिहिले ते सुदैवाने टिकले आहे. खलाशी व सैनिकांखेरीज जहाजांवर पुष्कळ मुले होती आणि ती मोठ्या पुरुषांपेक्षा समुद्र अधिक चांगला सोसत. स्त्रियांचेही तेच, असे निरीक्षण त्यांनी नोंदले आहे. गिनीच्या किनाऱ्यालगत विषुववृत्तावर वारा पडे आणि जहाजे दिवसच्या दिवस तापल्या पाण्यावर नुसती उभी राहत. आफ्रिकेचे दक्षिण टोक त्यांनी २९ जुलैला गाठले. मादागास्करच्या आतल्या बाजूने जावे तर उशीर झालेला, म्हणून बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्राने वळसा घेतला.

त्या वळशाची किंमत भयंकर होती. ताजे अन्नपाणी संपले की हिरड्या सुजत, त्या कापून काढाव्या लागत. पाय सुजत, सारे अंग ठणकू लागे. ही स्कर्व्ही. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. इतर खेपांच्या मानाने ही हानी लोकांना फारशी वाटली नाही, अशी पुस्तीही फादरांनी जोडली आहे. वाचताना आपण क्षणभर थांबतो, ते याच ठिकाणी.

त्यांच्या पत्रातला आणखी एक भाग अंतराच्या प्रश्नाशी थेट भिडतो. उत्तर-दक्षिण आपण कोठे आहोत हे सूर्य आणि ध्रुवतारा यांवरून कळते. पण पूर्व-पश्चिम जाताना आकाशात धरून ठेवण्यासारखा स्थिर बिंदू नाही. त्यामुळे भारत किती उरला हे नेमके कोणालाच सांगता येत नसे. हिंदुस्थान जवळ आला असे वाटत असताना प्रवाहांनी त्यांची जहाजे सोकोत्रा बेटाच्या बाजूला ओढून नेली होती. मग किनारा जवळ आल्याच्या खुणा दिसू लागल्या. आधी भारताकडचे पक्षी. नंतर पाण्यावर तरंगणाऱ्या माडाच्या झावळ्या आणि लव्हाळे. शेवटी पोहणारे साप, आणि निसर्गानेच जणू छाप उमटवलेले नाण्यासारखे वाटोळे काहीतरी. या अखेरच्या दोन खुणा दिसल्या की वारा अनुकूल असल्यास दुसऱ्या दिवशी जमीन दिसणारच. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यात उतरले. रेखांश मोजण्याजोगे विश्वासार्ह घड्याळ जॉन हॅरिसनने सिद्ध केले ते १७६० च्या दशकात. तोवर दर्यावर्दी असेच झावळ्या आणि साप पाहत आले.

फादर स्टीफन्स पुन्हा परत गेले नाहीत. १६१९ मध्ये त्यांनी याच भूमीत देह ठेवला. तोवर त्यांच्या येथील वास्तव्याला चाळीस वर्षे होत आली होती. त्यांचे मराठी ख्रिस्तपुराण, सुमारे अकरा हजार ओव्यांचे, १६१६ मध्ये साष्टीतल्या रायतूर येथे छापले गेले. परभाषेत एवढी ओवी रचणे ही प्रतिभेची गोष्ट खरीच, पण तीत त्या सहा महिन्यांचाही वाटा आहे असे मला वाटते. जो दोन वर्षांनी परतणार असतो तो कामापुरती भाषा शिकतो. ज्याच्या मागची वाट मिटलेली असते तो शेजाऱ्याची भाषा निराळ्या रीतीने शिकतो. ती त्याला आपल्या म्हातारपणासाठी आणि मरणासाठीही लागणार असते. शब्दसंपत्ती, उपमा, कमळ-मोगऱ्याची ओढ हे सगळे त्यानंतर येते.

एवढ्या अंतरामुळे नित्याच्या उपासनेतही विचित्र स्थिती उद्भवत असली पाहिजे. मिस्साबलिदानाच्या मुख्य प्रार्थनेत धर्मगुरू त्या वेळच्या पोपचे नाव घेतो. पोप तेरावे ग्रेगरी १० एप्रिल १५८५ रोजी वारले आणि २४ एप्रिलला सिक्स्टस निवडले गेले. त्या वसंतातल्या ताफ्याला ही बातमी गाठणे कठीण होते. पुढचा ताफा येणार १५८६ च्या पावसाळ्यानंतर. होर्मुझमार्गे खुष्कीने एखादा निरोप आधी आला असेल तर गोष्ट वेगळी. एरवी गोवे आणि वसई येथल्या वेद्यांवर वर्षभराहून अधिक काळ दिवंगत पोपचे नाव घेतले गेले असणार. देवाच्या दरबारात त्याने काही बिघडले नसेल.

आता पुण्याकडे येऊ. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे व पोर्तुगीज रक्ताचे ख्रिस्ती शिपाई आणि गोलंदाज होते. त्यांच्यातले अधिकारी दों मिगेल दि नोरोन्हा यांच्या विनंतीवरून सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये देवळासाठी जागा दिली. क्वार्टर गेटजवळचे आपले सिटी चर्च, म्हणजे निष्कलंक मातेचे देऊळ, ते हेच. सनावळ्यांपलीकडे या घटनेत मला एक गोष्ट लक्षणीय वाटते. पाद्रोआदोच्या व्यवस्थेप्रमाणे या भागातल्या ख्रिस्ती लोकांचे मोठे प्रश्न गोव्यामार्गे लिस्बनकडे जायचे, आणि तिथून उत्तर यायला दीड वर्ष लागले तरी ते लवकर म्हणायचे. पुण्यात मागणारा आणि देणारा एकाच गावात होते. शनिवारवाडा ते नाना पेठ हे अंतर पायी अर्ध्या तासाचे. पुण्यातल्या पहिल्या ख्रिस्तमंदिराचा पाया या अर्ध्या तासाच्या अंतरात घातला गेला, आणि सेवेला धर्मगुरू आले ते घाट चढून गोव्याहून.

१८३० हे साल पुण्याच्या दृष्टीने दुहेरी महत्त्वाचे. त्या वर्षी २० मार्चला ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट मुंबईहून निघाली आणि २२ एप्रिलला सुवेझला पोचली. कोळसा इतका भरावा लागला की उतारूंच्या खोल्यांतही तोच होता. पण आफ्रिकेचा वळसा टळू शकतो आणि वाऱ्याची मर्जी सांभाळावी लागत नाही, हे एका महिन्यात सिद्ध झाले. सुवेझहून भूमध्य समुद्रापर्यंतचा टप्पा उंटांवरून किंवा गाडीतून. त्याच वर्षी बोरघाटातून गाड्या जातील असा रस्ता खुला झाला. लष्करातल्या आयरिश सैनिकांसाठी १८५० मध्ये पुण्यात संत पॅट्रिकचे देवालय उभे राहिले.

समुद्र असा आटत चालला तरी घाट काही हटेना. खंडाळा ते पुणे आगगाडी १८५८ मध्ये सुरू झाली. मुंबईकडून गाडी घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला येऊन थांबे. मधला चढ उतारूंनी पालखीने, तट्टावरून नाहीतर पायी काढायचा. पुण्यात येणाऱ्या जर्मन येशूसंघीयांच्या पहिल्या तुकड्यांनी हा खटाटोप अनुभवला असणार. १८६३ मध्ये घाटातून लोहमार्ग पुरा झाला, १८६९ मध्ये सुवेझचा कालवा उघडला आणि १८७० मध्ये समुद्राखालची तार मुंबईला येऊन भिडली. शतक सरता सरता युरोपची टपाल दोन-अडीच आठवड्यांत हाती पडू लागली आणि महत्त्वाचा निरोप तर त्याच दिवशी.

तार आली, आणि रोमला दूरच्या धर्मप्रांतांत स्वतः लक्ष घालता येऊ लागले. पाद्रोआदो आणि प्रोपगांडा यांच्या वादात शतकभर जे गुंते झाले, त्यांतला काही भाग तत्त्वाचा होता आणि काही केवळ उशिराचा, असे माझे मत आहे. १ सप्टेंबर १८८६ रोजी पोप तेरावे लिओ यांनी भारतातल्या ख्रिस्तसभेची नवी घडी घातली. त्यातच पुणे धर्मप्रांत जन्मला. पहिले बिशप बर्नार्ड बायडरलिंडन हे जर्मन येशूसंघीय होते.

अंतर नुसत्या मैलांवर आणि यंत्रांवर अवलंबून नसते, याचा धडा पहिल्या महायुद्धाने दिला. जहाजे होती, आगगाड्या होत्या; पण जर्मन धर्मगुरू ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना स्थानबद्ध करण्यात आले व पुढे मायदेशी धाडण्यात आले. ज्या शाळा आणि मिशनकेंद्रे त्यांनी उभारली होती, त्यांची दारे त्यांनाच बंद झाली. पुण्याचे दुसरे बिशप हाइनरिक ड्योरिंग यांची नेमणूक १९०७ ची. १९२१ मध्ये त्यांना जपानमधल्या हिरोशिमाला नेमण्यात आले आणि १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्याचे बिशप झाले! त्यांनी १९४८ पर्यंत ही धुरा वाहिली. जर्मनी, पुणे, हिरोशिमा आणि परत पुणे हा मार्ग कोणत्याही वेळापत्रकात सापडणार नाही.

तोपर्यंत आकाशाची वाट खुली झाली होती. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजने लंडन-कराची सेवा सुरू केली. सात दिवस लागत, आणि त्यातही युरोपचा काही टप्पा आगगाडीनेच करावा लागे. भाडे १३० पौंड. सामान्य माणसाने ते नुसते ऐकावे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन आपले लहानसे पस मॉथ विमान अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरवले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. जेट विमाने येईपर्यंत मुंबईहून युरोपला पोचायला दिवसभराचा हिशेब धरावा लागे.

पोप तेरावे लिओ यांनी श्रीलंकेतल्या कँडी येथे १८९३ मध्ये स्थापलेले पेपल सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यात नगर रस्त्यावर आले. भारतीय तरुणांना धर्मगुरुपदाचे शिक्षण भारतीय भूमीवरच मिळावे, ही तिची मूळ कल्पना. युरोपातून धर्मगुरू येण्याची वाट जितकी सोपी झाली, तितकी तिची गरज कमी होत गेली. कालाची ही गंमत पाहण्यासारखी आहे.

मग २ डिसेंबर १९६४. मुंबईत ओव्हल मैदानावर भरलेल्या ३८ व्या जागतिक युखॅरिस्टिक काँग्रेससाठी पोप सहावे पॉल रोमहून निघाले ते एअर इंडियाच्या बोइंग ७०७ विमानाने. वाटेत बैरूतला थांबा घेऊन त्याच दिवशी ते सांताक्रूझला उतरले. भारताच्या भूमीवर पाऊल ठेवणारे हे पहिले पोप. शेकडो वर्षे इकडचे बिशप दहा-दहा वर्षांची मुदत मोजत रोमकडे डोळे लावून होते. आता रोमच एका दिवसात दारी आले. पोप दुसरे जॉन पॉल १० फेब्रुवारी १९८६ रोजी खुद्द पुण्यात आले. बिशपांच्या रोमभेटीची दहा वर्षांची मुदत तोवर इतिहासजमा झाली होती; १९८३ च्या कायदेसंहितेने सर्वांना पाच वर्षांची मुदत घातली आहे.

आजचा हिशेब असा. रोम-मुंबई विमान आठ तासांच्या आगेमागे. येताना थोडे कमी, जाताना सुमारे तासभर अधिक, कारण उंचावरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. घड्याळाचा फरक हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. आरंभी सांगितलेल्या दोऱ्याच्या वाटेने मात्र विमान नेहमीच जाऊ शकत नाही. २०१९ मध्ये काही महिने आणि २०२५ च्या एप्रिलपासून पुन्हा, पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद झाले. २०२५ च्या जूनमधल्या लढाईत इराणचेही बंद होते. वाऱ्याऐवजी आता राज्यकर्त्यांची मर्जी पाहावी लागते. पुण्याहून फ्रँकफुर्टला जाणारे लुफ्तान्साचे विमान २००८ पासून काही वर्षे होते. रोमला थेट विमान पुण्याहून नाही. म्हणून मुंबई चुकत नाही आणि घाटही चुकत नाही. सहा हजार किलोमीटर आठ तासांत काढून आलेला प्रवासी शेवटच्या दीडशे किलोमीटरांसाठी कधीकधी चार-पाच तास खर्च करतो, तेव्हा खोपोलीच्या पालख्यांची आठवण होते.

पोपच्या निवडणुकीलाही अंतराचा हिशेब चुकलेला नाही. बॉस्टनचे कार्डिनल ओकॉनेल १९१४ मध्ये आणि पुन्हा १९२२ मध्ये अटलांटिक ओलांडून रोमला पोचले, तो निवड होऊन गेलेली. पोप अकरावे पायस यांनी निवडून आल्यावर लगेच, दूरच्या कार्डिनलांसाठी थांबण्याची मुदत दहा दिवसांवरून पंधरा ते अठरा दिवसांवर नेली. भारतीय कार्डिनलने या निवडणुकीत प्रथम भाग घेतला तो १९५८ मध्ये, मुंबईच्या व्हॅलेरियन ग्रेशियस यांनी. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी निवर्तले. ७ मे रोजी सुरू झालेल्या निवडणुकीत भारताचे चार कार्डिनल होते. त्यांत गोव्याचे फिलिप नेरी फेर्रांव.

८ मे रोजी रोममध्ये संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर सिस्टीन प्रार्थनामंदिराच्या धुराड्यातून पांढरा धूर निघाला. पुण्यात तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते आणि तो धूर लोक घरोघरी त्याच क्षणी पाहत होते. तासाभरात नावही कळले. दुसऱ्या दिवशी सकाळी सिटी चर्चपासून वसईपर्यंत साऱ्या वेद्यांवरच्या मिस्साबलिदानांत धर्मगुरूंनी ‘लिओ’ हे नाव घेतले.